स्वतःची साइट तीन महिने अडून बसली असेल तर

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमचं काम, मुख्यतः जावा. दोन वर्षांपासून पुण्याच्या कंपनीचं काम राजापूर तालुक्यातल्या घरून चालतं. स्वतःची मराठी साइट काढायची आहे. तिच्यात कामाच्या नोंदी आणि गावाजवळच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांचे फोटो ठेवायचे आहेत. तीन महिन्यांत चार वेळा पहिल्यापासून सुरुवात झाली, दोन फ्रेमवर्क (साइट बांधायचे तयार सांगाडे) बदलून झाले, तरी एकही पान बाहेर आलेलं नाही. शंभर टक्के रुंदी दिलेली चौकट पडद्याबाहेर जाते, परिच्छेदात घातलेला डिव्ह (मजकुराची चौकट) बाहेर पडतो, फोनवर तळाचा मजकूर कापला जातो, बहिणीच्या फोनवर मराठी अक्षरं तुटकी दिसतात. एचटीएमएलचं कुठलं व्हर्जन वापरायचं हेही कळत नाही. शेवटी चिडून विचारलं आहे: "याला प्रमाण तरी का म्हणायचं? ज्यांनी हे ठरवलं त्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला होता का?"

मी वीसहून जास्त वर्षं वेबवर काम करतोय, त्यातली शेवटची नऊ देवगडहून. तुमच्या चारही तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यात तुमचं अज्ञान वगैरे काही नाही. उपाय सांगायचा तर दोन ओळींचा आहे: फ्रेमवर्क बाजूला ठेवा, पानं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मूळ खुणांच्या भाषेत, हातानं लिहा, सगळ्या पानांना मिळून एकच स्टाइलशीट (दिसण्याचे नियम लिहिलेली फाइल) ठेवा. पण या गोष्टी अशा का आहेत हे कळलं नाही तर तुम्ही महिन्याभरात पाचव्यांदा सुरुवात कराल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती रुंदीची चौकट. तुमचा फोन ३६० पिक्सेल रुंद आहे असं धरू. चौकटीला शंभर टक्के रुंदी म्हणजे ३६०. दोन्ही बाजूंना १६-१६ चं पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि एकेक पिक्सेलची बॉर्डर दिलीत, की एकूण ३९४. पान आडवं सरकायला लागतं. कारण सीएसएसचं, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेचं, पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये आलं तेव्हा रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी, असा हिशेब ठरला. विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ नं नेमका उलटा हिशेब धरला, पॅडिंग आणि बॉर्डर आत घेऊन. खरं सांगायचं तर तोच माणसाला पटणारा हिशेब होता. खोलीची रुंदी आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो, मधल्या सतरंजीची मोजत नाही. पण प्रमाण एक सांगतं आणि ब्राउझर दुसरंच करतो, यात काही वर्षं सगळ्यांचे हाल झाले. २००१ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ नं पानाच्या डोक्यावरची डॉक्टाइपची (पान कुठल्या प्रमाणानं लिहिलंय ते सांगणारी) ओळ पाहून हिशेब बदलायला सुरुवात केली. ओळ असली तर प्रमाणाप्रमाणे, नसली तर जुन्या रीतीनं. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. त्या एका ओळीपायी पूर्ण दिवस गेलेला मला आठवतो.

आज सीएसएसमध्ये बॉक्स-सायझिंग नावाचा गुण आहे. स्टाइलशीटच्या पहिल्या ओळीत सगळ्या घटकांना तो बॉर्डर-बॉक्स द्या, तुमची ३६० ची चौकट ३६० चीच राहील. मग पहिल्यापासून तसंच का नाही ठेवलं? सीएसएस ठरवणाऱ्या गटानं स्वतःच्या चुकांची यादी जाहीर करून ठेवली आहे, आणि ही गोष्ट तिच्यात आहे. एकाच चौकटीचे वरचे आणि खालचे मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) आपोआप एकमेकांत मिसळतात, तेही त्या यादीत आहे. म्हणजे त्यांना हे माहीत आहे, मान्यही आहे. तरी दुरुस्त करता येत नाही, कारण जुन्या हिशेबावर उभी असलेली असंख्य पानं एका रात्रीत वेडीवाकडी होतील. त्या पानांचे मालक ती सुधारायला येणार नाहीत. काही मालक तर आता हयातही नाहीत.

तुमच्या चिडीचं मूळ मला इथे दिसतं. बॅकएंडला आपण व्हर्जन बदलतो, जुनं मोडतं, ज्याचं मोडलं तो दुरुस्त करतो. वेबनं पहिल्यापासून उलटा शब्द दिलाय, की जुनं पान मोडायचं नाही. वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न प्रयोगशाळेनं आपल्या पहिल्या संकेतस्थळाची जुनी प्रत २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर परत ठेवली. ती आजच्या फोनवर सरळ उघडते. तिच्यात नेक्स्टआयडी नावाचा, केव्हाच बाद झालेला टॅग आहे. ब्राउझर तो ओलांडून पुढे जातो आणि मजकूर दाखवतो. तुम्हाला जो गबाळेपणा वाटतो, तो या शब्दाची किंमत आहे. आणि स्वतःची साइट काढणाऱ्याला या शब्दाइतकं मोलाचं दुसरं काही मिळत नाही.

परिच्छेदातल्या डिव्हचंही असंच आहे. परिच्छेदाचा टॅग मिटवला नाही तरी एचटीएमएलला चालतं. मग तो कुठे संपला हे पार्सरनं, म्हणजे ब्राउझरच्या पान वाचणाऱ्या भागानं, कसं ओळखायचं? पुढे डिव्ह, यादी, मथळा असं काही दिसलं की परिच्छेद संपला असं धरून तो स्वतः मिटवतो. तुमचा डिव्ह म्हणून बाहेर पडला. खाली तुम्ही लिहिलेला मिटवणारा टॅग अनाथ उरला, त्याच्यासाठी पार्सरनं एक रिकामा परिच्छेद बनवला, आणि "ही जागा कुठून आली" म्हणून तुम्ही मार्जिन शोधत बसलात. नियम विचित्र वाटेल, पण तो लिहून ठेवलेला आहे आणि सगळे ब्राउझर तो सारखाच पाळतात.

चूक दिसली की थांबावं, असं तुमच्यासारखंच मलाही एके काळी वाटायचं. २००० मध्ये आलेलं एक्सएचटीएमएल त्याच विचाराचं होतं. पान एक्सएमएल (कडक नियमांची खुणांची भाषा) म्हणून पाठवलं की एक चूक झाली तरी पान दिसायचं नाही, त्रुटीचा संदेश दिसायचा. २००५ मध्ये मी एका ग्राहकाची साइट हट्टानं तशी केली. कुणीतरी अभिप्रायात दुकानाचं नाव लिहिताना सुटा अँपरसँड (&) टाकला आणि फायरफॉक्समध्ये ते पान दोन दिवस बंद होतं. वाचायला आलेल्या माणसाचा त्यात काय दोष? त्याला शिक्षा कशाला? त्या दिवसापासून माझं मत बदललं ते बदललंच. २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या लोकांनी डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट काढला. चुकलेलं एचटीएमएलसुद्धा नेमकं कसं वाचायचं, हे त्यांनी पायरी-पायरीनं लिहून काढलं. ज्यांना तुम्ही "प्रोग्रॅम लिहिला होता का" असं विचारताय, त्यातले बरेच ब्राउझरच लिहीत होते. वेबची प्रमाणं काढणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेनं एक्सएचटीएमएल २ चं काम २००९ मध्ये थांबवलं, एचटीएमएल ५ ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाण म्हणून आलं, आणि २०१९ मध्ये दोन्ही संस्थांनी करार करून एकच चालतं-बोलतं प्रमाण मान्य केलं. "कुठलं व्हर्जन वापरू" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. व्हर्जन उरलेलंच नाही. नवी सोय वापरायची का हे ठरवायला बेसलाइनची खूण पाहा. मुख्य ब्राउझरांत सगळीकडे आल्यावर ३० महिने उलटले, की ती सोय 'सर्वत्र उपलब्ध' धरतात. स्वतःच्या साइटला मी त्याच्या पुढचं काही वापरत नाही. फोनवर तळ कापला जातो त्याचं उत्तरही या खुणेत बसतं. व्हीएच (पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग) हे माप वरची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतं. २०२२ मध्ये सगळ्या मुख्य ब्राउझरांत आलेलं, पट्टी दिसली-लपली की बदलणारं डीव्हीएच वापरा. खरं म्हणजे मजकुराच्या पानाला उंची देऊच नका.

आता माझ्या दोन साइट्सचं सांगतो, त्याशिवाय फ्रेमवर्कबद्दलचं माझं म्हणणं नुसतं मत वाटेल.

पहिली २००४ ची. वडिलांच्या वहीत बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या आणि मासळीच्या नोंदी होत्या, उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, कुठल्या वाऱ्याला काय मिळालं. त्या मी साइटवर टाकल्या. सगळी मांडणी टेबलांची, जागा सोडायला एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र, तेव्हाची रीतच ती. ते पान आज उघडलं तर टेबल जागेवर आहे, दुवे चालतात, आकडे बरोबर दिसतात. पण मराठी मजकूर गेला होता. तेव्हा मी एका विकतच्या फॉन्टात लिहिलं होतं. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर वडिलांच्या नोंदींऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. २०१० मध्ये मी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या एकाच संकेतपद्धतीत, आणायला बसलो. नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. त्या फॉन्टात 'किनारा' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, युनिकोडमध्ये क आधी. 'कर्ज' लिहिताना रफार ज च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. गणपतीची आठ दिवसांची सुट्टी त्यात गेली, आणि वहीशी ताडून पाहताना काही शब्द कायमचे गेलेले सापडले, कारण तोवर वहीलाच वाळवी लागली होती. प्रमाणात होतं तेवढं टिकलं. प्रमाणाबाहेरचं होतं ते सहा वर्षांत गेलं.

दुसरी साइट २०१६ ची. तेव्हा गाजत असलेल्या एका साधनानं बांधली, त्याचं नाव इथे नको. २०२१ मध्ये तिच्यात एक पान घालायचं होतं, एकच. बिल्ड होईना, म्हणजे पानं तयारच होईनात. एक डिपेंडन्सी (साधन ज्यावर अवलंबून असतं तो दुसऱ्याचा कोड) नाहीशी झालेली, दुसरीला नवं व्हर्जन हवं, ते घेतलं तर तिसरी मोडते. दोन रात्री घालवल्या आणि सोडून दिलं. मग लक्षात आलं की सर्व्हरवर तयार झालेलं एचटीएमएल जसंच्या तसं आहे. तेच उतरवून घेतलं, त्यातलं नको ते काढलं, नवं पान हातानं जोडलं. तेव्हापासून ती साइट तशीच चालू आहे.

ऑफिसच्या कामाला फ्रेमवर्क हवंच, दहा माणसं एकाच ॲपवर राबत असतात. पण तुमच्या साइटवर तुम्ही एकटे आहात आणि मध्ये दोन-दोन वर्षं तिला हात लागणार नाही. पानं पन्नासच्या पुढे गेली आणि प्रत्येकाचा मथळा हातानं बदलायचा कंटाळा आला, तर जावामध्ये साठ ओळींचा प्रोग्रॅम लिहा. तो पानं जोडेल. फक्त त्यातून निघालेलं एचटीएमएल हीच खरी साइट समजून जपून ठेवा.

मराठीबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत यातलं फारसं सापडत नाही. पानाच्या डोक्यावर एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहायची रीत) यूटीएफ-८ असल्याची ओळ पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत हवी. सगळ्यात वरच्या टॅगवर लँगमध्ये, म्हणजे भाषेच्या खुणेत, 'एमआर' (mr) लिहा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत श आणि ल ही हिंदी वळणाची असतात. मराठी वळणाची सोय असलेला फॉन्ट लँग पाहूनच ती काढून देतो. अंध वाचकाचा स्क्रीनरीडरही त्यावरूनच मराठी आवाज निवडतो.

बहिणीच्या फोनवर अक्षरं तुटतात त्याचं कारण मी पैजेवर सांगतो: तुम्ही घेतलेल्या इंग्रजी थीमनं मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असणार. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपल्याकडे शिरोरेघेचे तुकडे पडतात. शून्य करा. ओळीची उंची त्याच थीममध्ये १.२ असेल, ती १.७ च्या आसपास न्या. 'र्की' किंवा 'ट्रू' असं अक्षर आलं की वर रफार-वेलांटी, खाली उकार, आणि चौकटीला ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवा) असेल तर दोन्ही छाटले जातात. फॉन्ट उतरवून घ्यायला लावू नका. संयुक्ताक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल मोठी होते, आणि अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला हे चांगले फॉन्ट आधीच असतात.

साइटवर शोध ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट, जिनं मला फार छळलं. 'किनाऱ्यावर' यातला ऱ्य तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलंत आणि य. दोन, र, त्याखाली नुक्ता (टिंब), हलंत, य. तीन, र, हलंत, न दिसणारा जोडक, य. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, बाइट्स वेगळे. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करायची रीत) पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरीला हात लावत नाही. ती तुम्हालाच बदलून घ्यावी लागेल. जावाच्या माणसाला हे काम पाच ओळींचं आहे.

पत्ते मात्र रोमन लिपीत ठेवा, मराठीचं प्रेम असूनही सांगतो. 'कशेळी' हे गावाचं नाव पत्त्यात टाकलंत तर पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवताना बऱ्याचदा त्याचे टक्क्यांच्या खुणांसकट ४५ वर्ण होतात. .भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं. घ्यायचं तर घ्या, पण मुख्य पत्ता सांगायला सोपा असावा. आणि एकदा दिलेला पत्ता बदलायचा नाही. पत्त्यात फ्रेमवर्कची किंवा फाइलच्या प्रकाराची खूण नको, म्हणजे आतलं बदललं तरी पत्ता तोच राहतो.

फोटोंचं तुम्ही काही विचारलं नाही, पण साइट तिथेच बुडेल. तुमचा वाचक कुठे असणार याचा विचार करा. निम्मे वाचक त्या सड्यावरच उभे असतील, डोक्यावर ऊन, हातात फोन. आपल्याकडे खाली गावात रेंज नसते आणि सड्यावर चढलं की दोन काड्या मिळतात. जूनमध्ये वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. फोनमधला फोटो पाच-सहा एमबीचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंदीवर आणून दाबून घ्या, दीडशे-दोनशे केबीत बसतो. टॅगमध्ये रुंदी आणि उंची दोन्ही लिहा, म्हणजे फोटो येण्याआधी जागा राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. पहिल्या पडद्याखालच्या फोटोंना लोडिंग लेझी द्या, म्हणजे ते गरज पडेल तेव्हाच येतील. नुसतं मराठी लिखाण, हजार शब्दांचं असलं तरी, दाबून पाठवल्यावर जेमतेम काही केबी होतं. ते आधी दिसलं पाहिजे. अक्षरांचा रंग गडद ठेवा. फिकट राखाडी अक्षरं घरात बरी दिसतात, सड्यावरच्या उन्हात दिसत नाहीत. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमावलीनं साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ असा उठाव (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) सांगितलाय, तो तपासून घ्या.

ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोऐवजी दिसणाऱ्या मजकुरात, 'हत्ती' एवढंच लिहून थांबू नका. "जांभ्यात कोरलेल्या मोठ्या हत्तीची बाह्यरेषा, पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या" असं लिहा. फोटो आला नाही तरी ते वाचता येतं. आणि फोटोतली जीपीएसची माहिती काढून टाका. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणं आता सगळ्यांना माहीत आहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आली. पण तुमच्या गावाजवळच्या ज्या शिल्पाभोवती अजून साधं कुंपण नाही, त्याचं नेमकं ठिकाण फाइलीत लपून जगाला जाऊ देऊ नका. चिरेखाणीचं यंत्र तिथे किती सहज पोचतं हे तुम्ही पाहिलं असेल.

होस्टिंगवर डोकं खर्च करू नका. साध्या फाइली आहेत, कुठेही ठेवता येतात, एका ठिकाणचं बंद झालं तर संध्याकाळभरात दुसरीकडे नेता येतात. डोमेन तेवढं स्वतःच्या नावावर घ्या. आरएसएस किंवा ॲटम फीड ठेवा, म्हणजे नवं पान आलं की वाचकाला कळतं. आरएसएस २.० हे २००२ चं, ॲटम २००५ चं, आणि दोन्ही आजही जसेच्या तसे चालतात.

आता काय करायचं ते सांगतो. चारही जुने प्रकल्प एका फोल्डरात टाका आणि उघडू नका. एका रिकाम्या फाइलीत डॉक्टाइप, एन्कोडिंग, लँग, व्ह्यूपोर्टची (पान फोनच्या रुंदीत बसवणारी) ओळ आणि मथळा लिहा. खाली एकाच कातळशिल्पाबद्दल चार परिच्छेद आणि एक फोटो. स्टाइलशीट तीस ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याच रात्री ते पान सर्व्हरवर चढवा, मुखपृष्ठ नसलं तरी. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या फोनवर उघडा आणि दोन शब्द नीट पाहा. 'शिल्प', कारण त्यात श आणि ल दोन्ही येतात. 'किनाऱ्यावर', कारण त्यात तो ऱ येतो. 'शिल्प' चुकलं तर लँगची आणि फॉन्टची ओळ तपासा. 'किनाऱ्यावर' चुकलं तर टाइप करताना ऱ ऐवजी साधा र पडलाय. दोन्ही बरोबर असतील तर दुसऱ्या शिल्पाचं पान लिहायला घ्या.